पार्ट बदलला नाही, मग पैसे कसले?

आपल्याकडे एक गंमत आहे. डॉक्टरांनी नीट तपासलं, चार प्रश्न विचारले आणि "काही विशेष नाही, दोन दिवस भरपूर पाणी प्या, आराम करा" असं सांगून परत पाठवलं, की घरी येताना आपल्याला फसल्यासारखं वाटतं. फी घेतली आणि साधी गोळीसुद्धा दिली नाही! एखादी सुई मारली असती तर निदान पैसे वसूल.

मेकॅनिकच्या बाबतीतही तेच. तो आला, पंधरा मिनिटं नुसता बघत बसला, कान लावून ऐकलं, एक नळी सरळ केली आणि "झालं" म्हणाला, तर "याचे तीनशे रुपये?" असं आपण विचारतो. तोच जर जुना पार्ट काढून आपल्या हातावर ठेवून, नवा बसवून गेला तर सात हजार निमूट मोजून देतो. वर तो जुना पार्ट "असू दे, लागेल कधीतरी" म्हणून माळ्यावर जपून ठेवतो. :)

माझं मत असं, की हे अगदी उलटं चाललंय. दुरुस्तीत सगळ्यात मोलाची वस्तू पार्ट नव्हे, निदान. आणि निदानाचे पैसे द्यायला आपण तयार नसल्यामुळे निदान करणारी माणसं आपल्या आजूबाजूने हळूहळू नाहीशी होताहेत. उरताहेत ते फक्त पार्ट बदलणारे. हे मत काही मी पुस्तकात वाचून बनवलेलं नाही. चिरनेरच्या एका घरातल्या फ्रीजच्या आइस मेकरमुळे ते पक्कं झालं. तेव्हा आज थोडी बर्फाची गोष्ट.

चिरनेर म्हटलं की जाणत्या लोकांना १९३० चा जंगल सत्याग्रह आठवतो. २५ सप्टेंबर १९३० ला तिथे गोळीबार झाला, माणसं हुतात्मा झाली, त्यांचं स्मारक गावात आहे. गाव उरण तालुक्यातलं, पण बाहेरचे लोक सरसकट "पनवेलजवळचं" म्हणतात. माझ्या मावसबहिणीचं सासर तिथलं. तिचं लग्न झालं तेव्हा घर कौलारू होतं, मागे भाताची खाचरं. आता खाली-वर दोन मजले, वर स्लॅब, स्लॅबवर काळी टाकी. न्हावा-शेवा बंदर १९८९ साली सुरू झालं, मग कंटेनरची यार्डं आली, आणि जानेवारी २०२४ पासून अटल सेतूही आहे. या सगळ्याचं बरंवाईट काय झालं तो वेगळा विषय. पण घरातल्या वस्तू बदलल्या हे खरं. दोन वर्षांपूर्वी ताईकडे दोन दारांचा, कपाटाएवढा फ्रीज आला. त्यात आपोआप बर्फ तयार करणारं यंत्र, म्हणजेच आइस मेकर.

"बर्फाला यंत्र कशाला? ट्रे नव्हता का?" असं विचाराल तर ताईच्या सासूबाईंकडे त्याचं उत्तर आहे. त्या बाहेरच्या बर्फाला हात लावत नाहीत. उरण भागात बर्फ काही अपूर्वाईची चीज नाही. करंजाला मच्छीमार बोटींवर टनांनी बर्फ चढतो. पण तो मासळीचा. खाण्याचा आणि न खाण्याचा बर्फ ओळखू यावा म्हणून २०१८ मध्ये न खाण्याच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आला, तेव्हा तर त्यांना "मी सांगत नव्हते?" म्हणायला कारणच मिळालं. घरात माणसं पंधरा-वीस, उन्हाळ्यात पाहुणे, कोकमाचं सरबत, शिवाय बाजारातून आणलेली मासळी. ट्रे पुरायचा नाही. त्यामुळे मशीन आल्यावर सगळ्यात खूश कोण झालं असेल तर त्याच.

जाता जाता एक आठवण. मुंबईत पहिल्यांदा बर्फ विकत मिळू लागला तो १८३४ च्या सुमाराला, आणि तो आला होता अमेरिकेहून जहाजाने! तिथल्या तळ्यांवरचा हिवाळ्यातला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, चार महिने समुद्रातून. कलकत्त्याला त्याच्या आदल्या वर्षी, १८३३ मध्ये असं पहिलं जहाज लागलं होतं. आज तोच बर्फ स्वयंपाकघरात बटणावर मिळतो, आणि तो मिळाला नाही की दोन दिवसांत घरात कुरबुर सुरू होते. माणूस सवयीचा गुलाम, दुसरं काय.

तर वर्षभर मशीन छान चाललं. मग बर्फाचे तुकडे बारीक यायला लागले. मग पोकळ. पावसाळ्याच्या शेवटी शेवटी एक दिवस बंदच. भाऊजींनी कंपनीच्या सर्व्हिसला फोन केला. (कोणती कंपनी ते महत्त्वाचं नाही. माझा रोख एका कंपनीवर नाहीच.) माणूस आला, दार उघडून बघितलं, "आइस मेकर गेला, आख्खा सेट बदलावा लागेल" म्हणाला. सात हजार. दोन दिवसांनी नवा सेट बसला. बर्फ पडायला लागला. सगळे खूश. सोळाव्या की सतराव्या दिवशी पुन्हा बंद. पुन्हा फोन. या वेळी दुसरा माणूस. "सेट तर नवाच आहे, म्हणजे आता बोर्ड गेला असणार." नऊ हजार.

इथे भाऊजींचा संयम संपला. सासूबाईंनी ट्रे बाहेर काढला आणि कुणाला ऐकू जाईल इतपत मोठ्याने पुटपुटत पाणी भरायला सुरुवात केली.

आता हे यंत्र चालतं कसं ते थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. फ्रीजच्या मागे खाली एक विजेवर उघडणारी झडप असते, व्हॉल्व्ह. तिला घरातल्या पाण्याची बारीक नळी जोडलेली असते. आइस मेकरने हाक मारली की व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो, पाणी नळीतून वर साच्यात पडतं. साचा गोठला की सेन्सरला कळतं. मग काही यंत्रांत छोटा हीटर साचा किंचित गरम करतो आणि फिरता दांडा तुकडे बाहेर ढकलतो, काहींत प्लास्टिकचा साचा मोटरने पिळला जातो, आपण हाताने ट्रे पिळतो तसा. तुकडे डब्यात पडतात. की पुन्हा पाणी, पुन्हा गोठणं. भज्यांच्या घाण्यासारखे एकामागून एक घाणे निघत राहतात. डबा भरला की एक दांडी वर अडकून राहते आणि काम थांबतं.

यात एक बारीकसा मुद्दा आहे आणि सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. बहुतेक यंत्रं पाणी मोजत नाहीत, वेळ मोजतात. व्हॉल्व्ह ठरलेले सेकंद उघडा राहिला की त्यांच्या हिशेबाने साचा भरला! नळातून धार जोरात आली की थेंब थेंब आला, याची त्यांना खबर नसते.

ताईच्या दिरांच्या ओळखीतला एक मुलगा आहे. गावातलाच, पंचविशीचा. आयटीआयचा फ्रीज-एसीचा दोन वर्षांचा कोर्स केलेला आणि आता बंदराजवळच्या एका यार्डात रीफर कंटेनरवर कामाला. रीफर म्हणजे थंड ठेवणारे कंटेनर, ज्यांतून मासळी, मांस, फळं परदेशी जातात. रविवारी सुट्टीच्या दिवशी तो गावातले फ्रीज बघायचा. तो आला तेव्हा मी योगायोगाने तिथेच होतो, आणि त्याचं काम बघायला मला मिळालं.

त्याने आल्या आल्या काहीच उघडलं नाही. आधी विचारलं, "पहिल्यांदा बर्फ बंद झाला का बारीक व्हायला लागला?" मग डब्याच्या तळाशी उरलेले चार तुकडे हातात घेऊन बघितले. म्हणाला, बर्फच सांगतो काय झालं ते. तुकडे पातळ किंवा पोकळ असले तर पाणी कमी येतंय. सगळा बर्फ एकमेकांना चिकटून गोळा झाला असेल तर वितळून पुन्हा गोठतोय, म्हणजे दार नीट लागत नाही किंवा वीज वारंवार जाते. डब्याच्या तळाशी बर्फाची लादी असली तर कुठून तरी पाणी ठिबकतंय. इथे तुकडे पातळ होते आणि तळाशी लादीही होती. "दोन्ही आहे. बघू या," म्हणाला.

मग त्याने फ्रीझरमध्ये थर्मामीटर ठेवला आणि चहा घेतला. अर्ध्या तासाने बघितलं तर उणे १८. म्हणजे थंडावा बरोबर. विजेचा दाब मोजला, तोही ठीक. मग प्लग काढून, डबा बाहेर घेऊन, टॉर्चने वरची पाणी पडायची नळी बघितली. तोंडाशी बर्फाचा बुच! कोमट पाण्याने तो हळूहळू वितळवला. मी म्हटलं, "सापडलं की!" तर म्हणाला, "नाही दादा. हा बुच आहे, पण बुच का बसला ते कुठे कळलंय?"

हे वाक्य मला फार आवडलं. आपल्यापैकी बरेच जण बुच काढून घरी जातात.

त्याने फ्रीज पुढे ओढला, मागची पाण्याची नळी व्हॉल्व्हपासून सोडवली आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीत धरली. मोबाइलवर वेळ लावली. बाटली भरायला दोन मिनिटांच्या वर लागली. बाहेरच्या भिंतीवर एक गाळणी होती, तिची कँडल पावसाळ्यातल्या गाळाने चॉकलेटी झालेली. ती काढून पुन्हा बाटली धरली. थोडा फरक, पण समाधान नाही. मग तो गच्चीवर गेला. टाकीतल्या पाण्याच्या पातळीपासून खाली फ्रीजच्या व्हॉल्व्हपर्यंत टेपने अंतर काढलं. जेमतेम चोवीस फूट. आणि शांतपणे म्हणाला, "यंत्रात काही बिघाड नाहीये."

हिशेब असा. पाण्याच्या दर फूट उंचीला सुमारे ०.४३ पीएसआय दाब मिळतो. चोवीस फुटांना दहाच्या आसपास. त्या फ्रीजच्या पुस्तिकेत, शेवटून तिसऱ्या पानावर, बारीक इंग्रजी अक्षरात लिहिलेलं आहे की कमीत कमी वीस पीएसआय दाब हवा. म्हणजे टाकी सेहेचाळीस फुटांवर, चार-पाच मजली इमारतीच्या डोक्यावर हवी! घरातल्या फ्रीजमधला स्वयंचलित आइस मेकर ही मुळात अमेरिकेतली कल्पना, १९५३ च्या सुमारास तिथे तो पहिल्यांदा बाजारात आला. तिथे नगरपालिकेचं पाणी थेट नळातून चाळीस-साठ पीएसआयने येतं. आपल्याकडे पाणी आधी गच्चीवरच्या टाकीत आणि मग आपल्याच वजनाने खाली. यंत्र चांगलं, घरही चांगलं, फक्त दोघांची पत्रिका जुळत नव्हती.

आता बुच का बसला? तर हा व्हॉल्व्ह बंद राहतो तो पाण्याच्याच दाबाने. मागून पाणी रेटत असलं की आतला रबरी पडदा घट्ट बसतो. दाब कमी असला की तो सैलसर बसतो, थेंब थेंब पाझरतो. ते थेंब नळीच्या तोंडाशी उणे १८ मध्ये पोहोचतात आणि गोठतात. थेंबे थेंबे तळं साचायच्या ऐवजी बुच साचतो. पहिलं वर्ष कँडल नवी होती म्हणून कसंबसं निभावलं. गाळ बसला, दाब आणखी उतरला, आणि संपलं.

मग नवा सेट बसवल्यावर पंधरा दिवस कसं चाललं? त्याचंही उत्तर त्याने दिलं, आणि ते ऐकून भाऊजी खाली बसले. सेट बदलताना फ्रीज तीनेक तास बंद होता, दार उघडं होतं. तेवढ्यात नळीतला बर्फ वितळला. म्हणजे बरं वाटलं ते औषधाने नाही, अंथरुणावर पडून राहिल्याने. सात हजारांच्या जागी फ्रीज तीन तास बंद ठेवला असता तरी पंधरा दिवस बर्फ मिळाला असता.

उपाय साधा निघाला. आरओला लावतात तसला छोटा पंप, दाब कमी-जास्त झाला की आपोआप चालू-बंद होणारा, आणि एक नवी कँडल. सगळं मिळून दोन हजारांच्या आत. पुढच्या रविवारी त्याने येऊन बसवलं. तीच बाटली अर्ध्या मिनिटात भरली. पहिले दोन-तीन घाणे टाकून द्यायला सांगितले, आणि त्यानंतर आजतागायत बर्फ पडतोय.

इथपर्यंत सगळं गोड. आता कडू.

त्याने पंपाचं आणि कँडलचं बिल दाखवलं, ते भाऊजींनी लगेच दिलं. मग म्हणाला, "आणि तपासणीचे तीनशे." भाऊजी हसले. "अरे, तपासणीचे कसले? पार्ट तर कुठला बदललाच नाहीस. घरचाच पोरगा तू. चल, जेवून जा." भाऊजी कंजूष नाहीत, हे त्यांना ओळखणारा कुणीही सांगेल. ज्या माणसाने चुकीच्या पार्टचे सात हजार दिले तोच माणूस बरोबर उत्तराच्या तीनशे रुपयांना हसला, आणि त्यात आपण काही वावगं करतोय असं त्यांना वाटलंही नाही. कारण आपल्या सगळ्यांना असंच वाटतं.

तो पोरगा काही बोलला नाही. मी त्याला गाडीपर्यंत सोडायला गेलो तेव्हा म्हणाला, "दादा, घरगुती कामं मी आता सोडणार आहे. यार्डात कंटेनर तपासला की कागदावर सही होते आणि पगार मिळतो. घरी तपासलं की चहा मिळतो."

हे मला फार लागलं. नंतर मी त्याच्या कामाबद्दल आणखी विचारलं. रीफर कंटेनरमध्ये माल भरण्याआधी त्याची तपासणी करतात, तिला त्यांच्या भाषेत पीटीआय म्हणतात. यंत्र चालवून बघायचं, तापमान बरोबर उतरतंय का बघायचं, आकडे नोंदवायचे. सगळं ठीक निघालं, एकही स्क्रू बदलला नाही, तरी त्या तपासणीचे पैसे असतात. कारण आत लाखोंचा माल जाणार असतो आणि "सगळं ठीक आहे" हे उत्तरच तिथे विकत घेतलेलं असतं. तोच मुलगा, तेच हात, तोच थर्मामीटर. बंदरात त्याच्या डोक्याची किंमत आहे, तिथून थोड्याच अंतरावरच्या स्वयंपाकघरात नाही.

आता कंपनीच्या माणसाची बाजूही बघू. तो मुद्दाम फसवायला आला होता असं मला वाटत नाही. त्याला दिवसात आठ-दहा घरं करायची. बाटली धरून, गच्चीवर चढून, टेप लावून बघायला वेळ कुणाकडे? व्हिजिट चार्ज म्हणून जे घेतात ते नावाप्रमाणेच येण्याचे पैसे असतात, विचार करण्याचे नव्हेत. काही ठिकाणी तर पार्ट बदलला की व्हिजिट चार्ज माफ! म्हणजे विचार करून "काही बदलायची गरज नाही" म्हणणाऱ्याला भुर्दंड आणि न विचार करता बदलणाऱ्याला बक्षीस. अशी व्यवस्था आपणच उचलून धरतो. कारण आपल्यालाही हातात काहीतरी नवं लागतं.

सरकार याबाबत काहीच करत नाही असंही नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं संकेतस्थळही सुरू झालं. सुटे भाग मिळावेत, माहितीपुस्तिका मिळाव्यात, कंपनीबाहेरच्या कारागिरालाही दुरुस्ती करता यावी, असा तो विचार आहे आणि तो चांगलाच आहे. पण सुटे भाग आणि पुस्तिका मिळून अर्धंच काम होतं. ताईच्या बाबतीत पार्ट तर लगेच मिळाला होता! पुस्तिका कपाटात होती. नव्हता तो "टाकी किती उंच आहे?" असं विचारणारा माणूस. हा प्रश्न खरं तर विकणाऱ्याने विकतानाच विचारायला हवा होता. पण त्याचे तरी पैसे त्याला कोण देणार होतं?

यावर भाऊजींनी मला एक प्रश्न विचारला, आणि तो चोख आहे. ते म्हणाले, "पार्ट बदलला तर निदान डोळ्यांना दिसतो. तपासणीचे पैसे द्यायचे, तर त्याने खरंच तपासलं हे मला कळणार कसं? उद्या कुणीही येईल, दोन मिनिटं टॉर्च मारेल आणि तीनशे मागेल."

बरोबर आहे. फसवणुकीची भीती खरी आहे. सात हजारांना चटका बसलेल्या माणसाला ती असणारच. माझं उत्तर असं: आकडे मागा. फ्रीझरचं तापमान किती? विजेचा दाब किती? पाणी किती सेकंदांत किती आलं? या तीन ओळी साध्या कागदावर लिहून, खाली तारीख आणि सही. पॅथॉलॉजीवाला आपल्याला रिपोर्टच देतो की, औषध कुठे देतो? आणि त्याचे पैसे आपण कुरकुर न करता देतो. मग फ्रीजचा रिपोर्ट का नको? शिवाय असा कागद हातात असला की पुढच्या मेकॅनिकला पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, आणि "बोर्ड गेला असणार" असं म्हणणाऱ्याला आपण विचारू शकतो, "असणार की आहे?"

ज्यांच्याकडे असे आइस मेकर आहेत त्यांच्यासाठी, कुणाला बोलवायच्या आधी घरच्या घरी बघण्यासारख्या गोष्टी. आइस मेकरची दांडी किंवा बटण चुकून बंद तर झालेलं नाही ना, ते आधी बघा (भांडी ठेवताना हे सर्रास होतं). फ्रीझरचं तापमान उणे १८ च्या आसपास आहे का? फ्रीज नवा असेल किंवा बराच वेळ बंद राहिला असेल तर चोवीस तास वाट बघा. पाण्याची गाळणी शेवटची कधी बदलली? दाराचं रबर सगळीकडून चिकटतं का, हे मध्ये कागदाची पट्टी अडकवून ओढून बघा. आपल्या कोकणातल्या दमट हवेत सैल रबर म्हणजे आत बर्फाचं जंगल. आणि टाकीची उंची फुटांत मोजून तिला ०.४३ ने गुणा, पुस्तिकेतल्या आकड्याशी ताडून बघा.

एक मात्र करू नका. साचलेला बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नका. आतल्या नळीला भोक पडलं तर गॅस जातो, आणि आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये तो आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तो पेट घेणारा आहे. प्लग काढा, दार उघडा, खाली फडकी घाला आणि थांबा. बर्फ आपोआप वितळतो. गॅसचं आणि कॉम्प्रेसरचं काम आपलं नाही, ते शिकलेल्या माणसाचं.

आणि असा शिकलेला माणूस भेटला, जो हत्यारं काढायच्या आधी प्रश्न विचारतो, तर त्याला तपासणीचे पैसे द्या. तो "काही बदलायची गरज नाही" म्हणाला तर जास्त आनंदाने द्या, कारण त्याने तुमचे हजारो वाचवलेत. "घरचाच आहेस" म्हणून त्याला चहावर भागवू नका. घरचा आहे म्हणून तर आधी द्या. नाहीतर तो यार्डात जाईल, आणि त्याने जावंच, तिथे त्याला त्याच्या कामाचा मान मिळतो. पण मग गावातल्या फ्रीजसाठी आपल्याला फक्त "सेट बदलावा लागेल" म्हणणारेच उरतील.

भाऊजी हे वाचतीलच. भाऊजी, तीनशे रुपये अजून बाकी आहेत. सासूबाई माझ्या बाजूने आहेत, त्यांना रोज बर्फ लागतो. :)